बिनकाजाचं जाकीट

परवा व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस की कॉलेजच्या नाटकासाठी जुन्या काळचं जाकीट शिवायचं आहे, नवशिक्या माणसाला जमेल का, आणि आजी, तू आतोबांसाठी शिवलं होतंस ते कसं. तुझा भाऊ मागून म्हणाला, भाड्याने आण, तू शिवलंस तर नाटक विनोदी होईल. त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस. ज्याला सरळ रेघ मारता येते आणि उसवायचा कंटाळा येत नाही, त्याला जाकीट जमतं.

कॉलवर मी एवढंच बोलले, कारण तुमची आत्या माझ्या शेजारी बसली होती. ते जाकीट कसं शिवलं हे सांगायचं तर ते का शिवलं हेही सांगावं लागतं. म्हणून लिहून पाठवते. आतोबांची परवानगी घेतली आहे. ते म्हणाले, "लिहा, आई. फक्त पोटाचं माप लिहू नका." आत्याला विचारलं तर ती म्हणाली, तुला योग्य वाटेल ते कर. तिच्या तोंडी या वाक्याचे अर्थ वेळेप्रमाणे बदलतात, पण तिने नाही म्हटलं नाही, एवढं मी धरून चालते.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. इथला हिवाळा म्हणजे जून ते ऑगस्ट. मला पहिला संशय आला तो डब्यावरून.

तुमचे आतोबा त्याआधी आठवड्यातले दोन-तीन दिवस ट्रेनने शहरातल्या ऑफिसला जात आणि बाकीचे दिवस घरीच, पुढच्या खोलीत कानाला हेडफोन लावून काम करत. जुलैपासून ते रोज बाहेर जाऊ लागले, आणि तेही गाडीने. आधी डब्यात आमटी-भात चालायचा. आता म्हणाले, गरम करावं लागणार नाही असं काहीतरी द्याल का, पोळीचा रोल वगैरे. ऑफिसातला मायक्रोवेव्ह बिघडलाय म्हणे. मी रोल देऊ लागले. पण आठवड्यामागून आठवडे गेले तरी तो मायक्रोवेव्ह दुरुस्त होईना. ज्या ऑफिसात कॉफीची तीन प्रकारची मशीनं आहेत असं आतोबांनीच मला कौतुकाने सांगितलं होतं, तिथे अन्न गरम करायची सोय नाही, हे काही माझ्या गळी उतरलं नाही.

मग बूट. मागच्या दारात त्यांचे बूट असतात. त्यांच्या तळाला लाल माती दिसू लागली, एकदा वाळक्या गवताची काडीही. शर्ट मी धुते आणि मागच्या अंगणात वाळत घालते, त्यामुळे शर्टांना लाकडाच्या धुराचा वास येतो हेही माझ्या ध्यानात आलं. आणि संध्याकाळी त्यांचा आवाज बसलेला असायचा. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या माणसाचा आवाज कशाने बसतो? विचारलं तर म्हणाले, मीटिंगा फार होतात.

तुम्हाला माहीत आहे, मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं. परीक्षेच्या वर्गात फेऱ्या मारताना कुणाच्या बाहीत चिठ्ठी आहे हे मला पाठमोऱ्या मुलावरूनही कळायचं. पण कळलं म्हणून लगेच पकडायचं नसतं. आधी नुसतं पाहत राहायचं. तशी मी पाहत राहिले. पहिल्यांदा मला क्लबातल्या जुगाराच्या मशीनांची शंका आली. इथे चांगल्या घरची माणसं त्यांच्यासमोर दिवसचे दिवस घालवतात. पण क्लबात गालिचे असतात, माती आणि गवत नसतं. मग एक दिवस कपडे वाळत घालताना मनात आलं की एखादी बाई असेल. घोडे पाळणारी. हे मी कुणाला बोलले नाही, पण दोन-तीन आठवडे त्या बाईला मी मनात चांगलंच ओळखत होते. ती उंच होती आणि तिला स्वयंपाक येत नव्हता.

आता यात माझं काय गेलं होतं, असं तुम्ही म्हणाल. जावई कामाला जातात की आणखी कुठे, हे त्यांनी आणि त्यांच्या बायकोने बघावं. पण त्याच हिवाळ्यात तुमच्या आत्याने केलीव्हिल उपनगरातलं एक घर पसंत केलं होतं. दोघांची ओळख ॲडलेडला मॉसन लेक्सच्या युनिमध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटीत झाली, तेव्हा विद्यार्थ्यांच्या भाड्याच्या घरात सहा जणांत एक बाथरूम होती. तेव्हापासून तिच्या डोक्यात एक घर होतं आणि ते तिला केलीव्हिलला सापडलं. माझ्यासाठी पूर्वेची खोलीसुद्धा ठरली होती. ते घर दोघांच्या पगारांवर उभं राहणार होतं. एका पगारावर ते पेलणारं नव्हतं, हे आत्या स्वतःच सांगायची. ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या एका शनिवारी कागदांवर सह्या करायच्या होत्या. म्हणजे मला जे वाटत होतं ते खरं असेल, तर माझी मुलगी डोळे मिटून सही करणार होती.

अशात सप्टेंबरातल्या एका रविवारी, आत्या भाजी आणायला गेली असताना, आतोबा पोह्यांची बशी घेऊन माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "आई, एक जाकीट शिवाल का? जुन्या काळचं. ऑफिसात थीम पार्टी आहे." नवशिक्यांसाठी एक व्हिडिओ आहे, त्यात कागदावर आखण्यापासून सगळं दाखवलंय, असंही म्हणाले. आणि मग, बशीकडे बघत, तिला यात गुंतवू नका, ती बिझी आहे.

मी हो म्हणाले. शिवणाची आवड होतीच, पण खरं सांगायचं तर मला आणखी थोडं पाहायचं होतं.

कापड आणायला आम्ही दोघं गेलो. दुकानात एक निळसर जरीचं कापड होतं, एका संध्याकाळच्या पार्टीला शोभेल असं. मी ते उचललं तर त्यांनी बाजूला ठेवलं आणि तपकिरी, जाडसर, मळखाऊ रंगाचं कापड काढलं. हाताने चुरगाळून, ताणून पाहिलं. धुता येईल का, म्हणून दुकानातल्या बाईला विचारलं. आता या जुन्या जाकिटांची एक गंमत असते. त्यावर कोट घालायचा, म्हणून समोरचा भाग चांगल्या कापडाचा आणि पाठ साध्या अस्तराची. ती कोटाखाली झाकली जाते, तिच्यावर खर्च कशाला करायचा. मी पाठीसाठी पातळ कापड मागितलं. तर आतोबा म्हणाले, पाठ जरा दणकट हवी, उन्हाळ्यात कोट काढला तरी चालेल अशी. बटणं प्लॅस्टिकची नकोत, कापडाने मढवलेली हवीत.

पार्टी म्हणजे एक संध्याकाळ. त्यासाठी मळखाऊ रंग, धुता येणारं कापड आणि उन्हाळ्यात टिकेल अशी पाठ. घोडेवाली बाई माझ्या मनातून तिथेच थोडी मागे हटली. पण तिच्या जागी कोण आलं ते मला दिसेना.

आता तुझ्यासाठी आखणीचं सांगते, कारण इथेच मी चुकले आणि तू चुकू नयेस.

व्हिडिओतली बाई सांगते की तीन मापं घ्या: छातीचा घेर, कमरेचा घेर आणि मानेच्या हाडापासून कमरेपर्यंतची उंची. मोठ्या कागदावर एक उभी रेघ मारा, ती पाठीची मधली रेघ. तिच्यावर उंची घ्या. छातीचा चौथा भाग आडवा घ्या, त्यात अंग हलायला थोडी सैल जागा धरा. वरून खांद्याचा उतार, मग मुंढ्याची गोलाई. समोरच्या भागाला गळा तिरका आणि खाली टोक. बस, दोन तुकडे. अर्ध्या जाकिटाचा कागद कापायचा आणि कापडाच्या घडीवर ठेवायचा. हे सगळं मला नवीन नव्हतं. लग्नाआधी शिवणाच्या क्लासात आम्ही खाकी कागदावर असंच पोलकं आखत होतो.

पण माप कसं घ्यायचं? जावयाच्या छातीभोवती टेप लावणं माझ्याच्याने होईना. तुम्हाला हसू येईल. आमच्या पिढीत सासूने जावयाशी बोलताना पदर सारखा करायचा. आता ते काही राहिलेलं नाही. आतोबा माझ्या खोलीतला हीटर दुरुस्त करतात, माझे पाय सुजले तर डॉक्टरकडे नेतात. तरी नमस्काराला वाकले की डोक्यावर हात ठेवणं, यापलीकडे मी त्यांना कधी स्पर्श केलेला नाही. आणि आत्याला गुंतवायचं नव्हतं. म्हणून मी त्यांचा एक शर्ट घेतला, टेबलावर सपाट पसरला, बगलेपासून बगलेपर्यंत मोजलं आणि दुप्पट केलं.

तुझ्या ध्यानात आलं असेल. शर्टात सैल जागा आधीच असते. त्या मापात मी व्हिडिओतल्या बाईची सैल जागा पुन्हा धरली. शिवाय आमच्या सवयीप्रमाणे शिवणीत दोन्हीकडे भरपूर माया सोडली, पुढे माणूस भरला तर उसवून वाढवता यावं म्हणून. मग मांजरपाटाचं, म्हणजे साध्या सुती कापडाचं, कच्चं जाकीट धावदोऱ्याने जोडून त्यांना घालायला दिलं. त्यात ते आणि त्यांचा एखादा मित्र सहज मावले असते.

नेमकी त्याच वेळी आत्या आली. तिने दारातूनच पाहिलं आणि म्हणाली, "आई, हा टेंट कुणासाठी?" आतोबांनी पार्टीचं सांगितलं. तिने लगेच मानलं. कुठली पार्टी, कधी, बायकांना बोलावलंय का, काही नाही. तिच्या हातात फोन होता, घराच्या एजंटशी बोलणं चालू होतं. मी माप घ्यायला सांगितलं तर तिने एका हाताने टेप त्यांच्याभोवती टाकला, एक आकडा सांगितला आणि बोलत बोलत निघून गेली. टेप पाठीवर कमरेपर्यंत घसरला होता. मला मागून दिसत होतं, समोर उभ्या असलेल्या तिला नाही.

सह्यांचा शनिवार जवळ आला. त्याआधीच्या सोमवारी आतोबा दुपारीच घरी आले. आत्या कामावर होती. मी ठरवलं की आता माप मीच घ्यायचं. त्यांना मागच्या खोलीत खिडकीपाशी उभं केलं, हात बाजूला धरायला सांगितले आणि छाती, कंबर, उंची, सगळं अंगावरून मोजलं. दोघांनाही अवघडल्यासारखं झालं. ते सारखे बाहेरच्या दोरीवरच्या कपड्यांकडे पाहत होते आणि आज ऊन चांगलं आहे म्हणत होते. मग तेच मांजरपाट त्यांना घालून मी जादा कापड बाजूंना चिमटीत धरून टाचण्या लावायला लागले. पाठीशी उभी होते. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, म्हणून विचारणं सोपं गेलं.

"तुमची ही पार्टी रोज असते का?"

ते हसले. मग हसणं थांबलं. "आई, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कुणीही नाही. टाचण्या लागल्यात, हलू नका. आता सांगून टाका."

त्यांनी सांगितलं. खिडकीकडे तोंड करूनच सांगितलं. जूनच्या शेवटी त्यांची सगळी टीमच बंद झाली होती. आमच्याच घरात, पुढच्या खोलीत, हेडफोन लावून बसले असताना त्यांना ते कळलं. मी तेव्हा आत जाऊन चहा ठेवून आले होते म्हणे, आणि त्यांनी मला थँक्यू म्हटलं होतं. मला आठवत नाही. त्याच संध्याकाळी आत्या केक घेऊन आली, तिला बढती मिळाली होती. त्या दिवशी सांगवेना. उद्या सांगू म्हणाले. दुसऱ्या दिवशी ती त्यांना केलीव्हिलचं घर पाहायला घेऊन गेली. मग ठरवलं की दुसरी नोकरी लागल्यावर दोन्ही एकदमच सांगू. नोकरी लागेना.

युनिमधल्या एका मित्राने त्यांना एक काम सुचवलं. शहराबाहेर एक जुन्या काळचं गाव उभं केलेलं आहे, शाळेच्या सहलींसाठी. मातीचे रस्ते, लोहाराची भट्टी, घोडागाडी. तिथे जुन्या पोशाखातली माणसं मुलांना दीडशे वर्षांपूर्वीचं जगणं समजावून सांगतात. आतोबा तिथे पोस्टमास्तर होते. पोस्टाला लागून लोहाराची भट्टी. दिवसभर मुलांच्या गलक्यावर आवाज चढवून बोलायचं. काम नसेल त्या दिवशी दुसऱ्याच कुठल्यातरी उपनगरातल्या लायब्ररीत बसून अर्ज करायचे. कोट आणि टोपी तिथली मिळाली, पण तिथल्या एकाही जाकिटाची बटणं यांच्या पोटावर लागेनात. आणि शाळांचं नवं सत्र सुरू झालं की ज्यांचा पोशाख पुरा असेल त्यांनाच नेहमीच्या शिफ्ट मिळणार होत्या. ते सत्र पुढच्या सोमवारी सुरू होणार होतं.

"घोडे आहेत तिथे?" मी विचारलं.

"दोन आहेत. का?"

मी म्हटलं, काही नाही.

मला बरं वाटलं, हे नाकारत नाही. पण ते बरं वाटणं टिकलं नाही. जुगार नव्हता, बाई नव्हती, तरी शनिवार होताच. तिला कधी सांगणार म्हणून विचारलं. म्हणाले, याच आठवड्यात, शनिवारच्या आधी नक्की. चिठ्ठीसकट सापडलेली मुलंही मला नेहमी हेच सांगत, की बाई, मी ती फेकणारच होतो. मी टाचण्या काढल्या, मांजरपाट त्यांच्या अंगातून उतरवलं आणि म्हणाले, "मी तिला सांगणार नाही. तुमचं तुम्ही सांगा. पण शनिवारी ती सह्या करायला निघाली आणि तुम्ही गप्प राहिलात, तर मी गप्प राहणार नाही."

त्यांनी मान हलवली. मान हलवण्यावर माझा विश्वास कधीच नव्हता.

त्या दिवसापासून दिवसा शिवण आणि संध्याकाळी पाळत, असं माझं चाललं. टाचण्यांच्या जागी खडूने खुणा करून नवा कागद काढला, तपकिरी कापड कापलं. संध्याकाळी दोघं घरी आली की मी आत्याचा चेहरा बघायची. सोमवारी त्यांनी कुणी न सांगता सगळी भांडी घासली. मला वाटलं, आता बोलतील. बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर दोघं फिरायला गेली. परत आली तेव्हा आत्या पडद्यांच्या रंगाबद्दल बोलत होती. म्हणजे तेव्हाही नाही. ते माझ्या नजरेला नजर देत नव्हते आणि मी त्यांच्यावरची नजर काढत नव्हते. आत्या मध्ये बसून वरण वाढत होती.

जाकीट मात्र छान होत होतं. खिसे आधी करून घ्यायचे, हे तू विसरू नकोस. एकदा अस्तर लागलं की खिशापर्यंत हात पोचत नाही. मग समोरचे भाग आणि अस्तर उलट्या बाजूने जोडायचे, कडेने टीप मारायची, टोकाशी जादा कापड छाटायचं आणि सुलटं करायचं. टोक बाहेर काढायला मी विणायची सुई वापरते. शेवटी पाठ जोडायची. दोन-तीन दिवसांत सगळं झालं, बटणंही मढवून झाली. राहिली काजं.

व्हिडिओतली बाई काजं आधीच करून घेते. मी ती मागे ठेवली. जुन्या पद्धतीची काजं हाताने करायची असतात. कापडाला चीर द्यायची आणि तिच्या कडेने गाठीचे टाके इतके जवळ घालायचे की कापड दिसता कामा नये. चीर दिली की दिली, ती परत मिटत नाही. मी कात्री हातात घेतली आणि खाली ठेवली. बिनकाजाचं जाकीट माणसाला अंगात घालता येतं, पण ते घालून कामावर जाता येत नाही.

संध्याकाळी आतोबांनी ते पाहिलं. फार सुंदर झालंय म्हणाले. मग समोरच्या पट्टीवरून बोट फिरवलं.

"काजं राहिलीत?"

"राहिलीत."

"कधी होतील?"

"शनिवारनंतर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आई, हे ब्लॅकमेल आहे."

"असेल," मी म्हणाले.

त्यानंतर आत्यानेही जाकीट पाहिलं. उलटून आतली शिवण पाहिली आणि म्हणाली, एवढी मेहनत एका पार्टीसाठी, कमाल आहे तुझी. मी म्हणाले, तुझ्या नवऱ्याला विचार. ती हसली आणि गेली. तिने विचारलं नाही. तेव्हा मला तिचा राग आला. ज्याच्यावर मी इतके दिवस संशय घेतला त्याच्यापेक्षा, जिला एकदाही संशय आला नाही तिचा जास्त.

शनिवारी सकाळी आत्या लवकर तयार झाली. इस्त्रीचा ड्रेस, हातात फाइल. स्वयंपाकघरात उभ्यानेच चहा पीत होती. मी शेगडीजवळ होते. काय बोलायचं, कुठल्या शब्दांनी सुरुवात करायची, हे मनात ठरवून ठेवलं होतं. आतोबा अजून बाहेर आले नव्हते. ती दोनदा हाक मारून झाली होती. गाडीची किल्ली टेबलावर होती.

मग ते आले. शर्टावर ते तपकिरी जाकीट घातलेलं, आणि त्याला काजं नव्हती म्हणून दोन्ही पट्ट्या एका मुठीत पोटाशी धरलेल्या.

आत्या हसली. "आज आहे पार्टी?"

"पार्टी नाहीये. कधीच नव्हती. मी हे घालून कामाला जातो."

ती थट्टा शोधत राहिली, आधी त्यांच्या तोंडावर, मग माझ्या. त्यांनी सगळं सांगितलं, उभ्यानेच, मूठ न सोडता. मला सांगितलं होतं त्यापेक्षा कमी शब्दांत. ती इंग्रजीत म्हणाली, "सिन्स व्हेन?" ते म्हणाले, जूनपासून. तिने विचारलं, मी केक आणला त्या दिवशी? ते हो म्हणाले. तिने कप सिंकमध्ये ठेवला. मग माझ्याकडे वळली.

"आई, तुला माहीत होतं."

"संशय होता. माहीत सोमवारी झालं."

"आणि तू आठवडाभर माझ्यासमोर बसून हे शिवत होतीस."

मी शेगडी बंद केली. उत्तर द्यायला होतं, पण ते तिला ऐकायचं नव्हतं.

तिने एजंटला स्वतः फोन केला. आवाज अगदी सरळ होता. आम्ही आज येत नाही, घर दुसऱ्या कुणाला दाखवायला हरकत नाही. पलीकडून तो नो वरीज म्हणाला, ते आम्हा दोघांनाही ऐकू आलं. मग तिने किल्ली उचलली आणि एकटीच गेली. आतोबांनी जाकीट काढून माझ्या मशीनवर घडी करून ठेवलं आणि पुढच्या खोलीत जाऊन बसले. दुपारचं जेवण झाकलेलंच राहिलं.

ती परतली संध्याकाळी. कुठे गेली होती ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. ती त्या जुन्या गावी गेली होती. तिकीट खिडकीवर विचारून आली होती, इथे एक भारतीय पोस्टमास्तर आहे का. तिथली बाई म्हणाली, हो, मुलांचा लाडका आहे, आज त्याची सुट्टी. नवऱ्याने सांगितलेली गोष्ट तिने अशी पडताळून पाहिली, ती लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच.

रविवारी दुपारी मी मशीन झाकत होते, तेव्हा ती माझ्या खोलीत आली. शनिवारपासून माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. पलंगावर बसली. जाकीट उचललं.

"काजं किती राहिलीत?"

"सगळी."

"मग करून टाक. उद्या त्याची शिफ्ट आहे."

मी कात्री घेतली आणि पहिली चीर दिली. ती बघत बसली. मदत करते म्हणाली नाही, उठलीही नाही. दुसरं काज चालू असताना तिने विचारलं की मला कशावरून कळलं. मी जे जे पाहिलं होतं ते सांगितलं, सावकाश, टाके घालत. फक्त ती घोडेवाली बाई सोडून. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही.

"हे सगळं माझ्याही समोर होतं," ती म्हणाली.

"होतं."

"मला काहीच दिसलं नाही, आई."

मी मान वर केली नाही. टाका सुटला असता. तुझा विश्वास होता म्हणून दिसलं नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण त्या क्षणी ते तिला टोचल्यासारखं वाटलं असतं, आणि खरं तर मलाही माझ्या डोळ्यांचा फार अभिमान वाटत नव्हता.

"यापुढे दिसेल," ती म्हणाली.

मला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. अंधार पडायच्या आत काजं पुरी झाली. बटणं लावून पाहिली, पोटावर बरोबर बसत होती.

सोमवारी सकाळी आतोबा जाकीट घालून निघाले. आत्या त्यांच्याबरोबर दारापर्यंत गेली. तिथे कोण कोण असतं, आज कुठली शाळा येणार आहे, शिफ्ट किती वाजता संपते, संपल्यावर थेट घरी का, असं एकेक ती विचारत गेली. आवाज चढलेला नव्हता. ते दारात उभे राहून प्रत्येक प्रश्नाचं नीट उत्तर देत होते, आणि ती प्रत्येक उत्तर शेवटपर्यंत ऐकून घेत होती.